भाड्याच्या घरातली ऊब कोणाच्या खर्चाने?



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ आपण इथे नागपुरात दरवर्षी जमतो, त्यांनी उभं आयुष्य लघुवाद न्यायालयात भाडेकरू-मालकांचे खटले चालवण्यात घालवलं. त्यामुळे आयोजकांनी मला विषय निवडायला सांगितलं, तेव्हा फार विचार करावा लागला नाही. मी वास्तुविशारद आहे. माझ्या कामाचा बराच काळ न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टन आणि त्याला लागून असलेल्या हट खोऱ्यात, भाड्याची घरं तपासण्यात गेला. घरात ऊब टिकते की नाही, जमिनीखालून ओल चढते की नाही, हे पाहायचं आणि मालकाला लेखी कळवायचं, असं ते काम. १ जुलै २०२५ रोजी त्या देशात एक मुदत संपली. त्या तारखेपासून तिथलं भाड्याचं प्रत्येक घर, ठरावीक अपवाद सोडले तर, ऊब, हवा आणि ओल यांबाबत कायद्याने ठरवलेल्या मापात बसलंच पाहिजे. त्या मापांपर्यंत तो देश कसा पोहोचला, त्यात काय साधलं आणि काय राहून गेलं, हे आज मला सांगायचं आहे.

आधी तिथलं घर कसं असतं ते सांगते. न्यूझीलंडमधलं जुनं घर लाकडी. जमिनीत आखूड खांब रोवलेले, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्यांची जमीन. खाली हातभर, कुठे कमरेइतकी मोकळी जागा आणि त्याखाली उघडी माती. भिंती म्हणजे लाकडी चौकट, बाहेरून फळ्या आणि आतून पातळ अस्तर. वर छताचा सपाट पडदा, त्यावर अंधारा माळा, त्यावर नालीदार लोखंडी पत्रा. भूकंपाच्या देशात असं हलकं घर शहाणपणाचंच. पण थंडीच्या दृष्टीने त्यात अडवणारं काही नाही. खोलीत पेटवलेल्या हीटरची ऊब छतातून वर जाते, फळ्यांच्या फटींतून खाली जाते आणि तासाभरात खोली होती तशी होते. नव्या घरांत इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर घालणं, तिथे १९७८ पासून सक्तीचं झालं. त्याआधी बांधलेली लाखो घरं तशीच उघडी राहिली. त्यांतली पुष्कळ पुढे भाड्याने गेली, कारण ज्याला परवडलं त्याने नवं किंवा डागडुजी केलेलं घर विकत घेतलं आणि जुनं भाड्याला लावलं.

अशा घरात जुलै महिन्यातली, म्हणजे तिथल्या भर हिवाळ्यातली, सकाळ कशी असते? खिडकीच्या काचा आतून निथळत असतात. घरातली बाई, बहुतेक वेळा बाईच, जुना टॉवेल घेऊन एकेक काच पुसते आणि टॉवेल मोरीत पिळते. पडद्याच्या खालच्या कडेला काळे ठिपके असतात. कपाट भिंतीपासून सरकवलं की मागे काळ्या बुरशीचा कपाटाएवढाच पट्टा दिसतो, कारण तिथे हवा खेळत नाही आणि बाहेरची भिंत सर्वांत गार असते. मुलांच्या गाद्या त्यांच्या खोलीतून उचलून बैठकीच्या खोलीत आणलेल्या असतात. एकच खोली तापवणं परवडतं, म्हणून सगळं घर त्या एका खोलीत झोपतं. एकाला खोकला झाला की तो सगळ्यांना होतो. न्यूझीलंडमध्ये संधिवाताचा ताप, म्हणजे घशातल्या जंतुसंसर्गातून सुरू होऊन हृदयाच्या झडपा निकामी करणारा आजार, अजूनही आहे. त्याचे रुग्ण प्रामुख्याने माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतली मुलं आहेत. दाटीवाटीने झोपणं आणि हा आजार यांचा संबंध तिथल्या डॉक्टरांनी वारंवार मांडला आहे. श्रीमंत देशात हा आजार कसा, असा प्रश्न मला इकडे विचारतात. उत्तर त्या एका खोलीत आहे.

मग मालक थर का घालत नाही? इथे मी मालकाला खलनायक करणार नाही, कारण तो तसा नसतो. हिशेबच वाकडा आहे. थर घालण्याचा खर्च मालकाने करायचा आणि विजेचं बिल कमी होणार भाडेकरूचं. मूल आजारी पडायचं थांबणार भाडेकरूचं. दवाखान्यातली खाट रिकामी होणार सरकारची. मालकाच्या हाती काय येतं? काहीच नाही, कारण माळ्यावरचा थर डोळ्यांना दिसत नाही. घर बघायला आलेला माणूस फेब्रुवारीच्या उन्हात, दहा-बारा जणांच्या रांगेत, पंधरा मिनिटं आत फिरतो. त्याला नवी फरशी दिसते, ओटा दिसतो, रंग दिसतो. जुलैतली रात्र त्याला दिसत नाही. म्हणून चांगल्या थराचं भाडं जास्त मिळत नाही आणि थर नसलेल्या घराचं कमी होत नाही. अर्थशास्त्रज्ञ याला बाजाराचं अपयश म्हणतात. भल्या मालकालाही हा हिशेब बदलता येत नाही. तो बदलायला बाहेरचा हात लागतो.

तो हात कायद्याचा असावा हे ठरायला तिथे फार वेळ लागला. खरं तर कायदा होता. १९४७ साली तिथे घरसुधारणेचे नियम झाले होते. घर ओलीपासून मुक्त असावं, बैठकीच्या खोलीत शेकोटी आणि धुराडं किंवा मान्य पद्धतीची दुसरी सोय असावी, असं त्यांत लिहिलेलं होतं. वाचायला उत्तम. पण ओल म्हणजे किती? शेकोटी आहे, पण धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलंय, तर सोय आहे की नाही? भाडेकरू म्हणायचा घर ओलं आहे, मालक म्हणायचा तुम्ही खिडक्या उघडत नाही. ज्याच्या हातात घर, त्याचं म्हणणं टिकायचं. सत्तर वर्षं ते नियम पुस्तकात होते आणि काचा निथळत होत्या.

चित्र बदललं ते मोजमापामुळे. ओटागो विद्यापीठाच्या वेलिंग्टनमधल्या प्राध्यापक फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो मला फार मोलाचा वाटतो. सात गरीब वस्त्या निवडल्या. १३५० घरं, ४४०७ माणसं. प्रत्येक घरात श्वसनाचा त्रास असलेलं कोणीतरी होतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाच्या घरांत थर घातला, दुसऱ्याच्या घरांत हिवाळा उलटून मोजमाप संपल्यावर घातला. म्हणजे अभ्यासासाठी म्हणून कोणालाही कायमचं थंडीत ठेवलं नाही. एका घराचा खर्च आला साधारण १८०० न्यूझीलंड डॉलर. निष्कर्ष २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

झोपायच्या खोलीचं सरासरी तापमान वाढलं ते अवघं अर्धा अंश. हा आकडा पहिल्यांदा ऐकणारा माणूस निराश होतो. मीही वर्गात हा आकडा सांगते तेव्हा विद्यार्थी एकमेकांकडे बघतात. पण पुढचे आकडे ऐका. खोली १० अंशांच्या खाली असण्याचा वेळ दिवसाला १.७ तासांनी कमी झाला. हवेतली सापेक्ष आर्द्रता २.३ टक्क्यांनी उतरली. ऊर्जेचा वापर थर नसलेल्या घरांच्या ८१ टक्क्यांवर आला. आणि माणसांचं काय झालं? आपली तब्येत बेताची किंवा वाईट आहे असं सांगण्याचं शक्यता-गुणोत्तर, थर नसलेल्या घरांच्या तुलनेत, निम्म्यावर आलं, छातीत घरघर होण्याचं ०.५७ वर, मुलांची शाळा बुडण्याचं ०.४९ वर, मोठ्यांचं काम बुडण्याचं ०.६२ वर. सरासरी अर्ध्या अंशाने हे झालं, कारण माणूस सरासरीत राहत नाही. तो पहाटे चारला, सर्वांत गार वेळी, ओलसर गादीवर झोपलेला असतो. थराने ती पहाट बदलली. आणि पैशाचं म्हणाल, तर कुटुंबांनी वाचलेल्या उबेतली थोडी बिलात वाचवली आणि थोडी अंगावर घेतली. गरीब माणूस ऊब परवडायला लागली की आधी थोडं जास्त उबदार राहतो. त्यात गैर काहीच नाही.

या अभ्यासाच्या आधारावर सरकारने २००९ पासून अनुदान देऊन दोन लाखांहून अधिक घरांत थर घातले. त्या कार्यक्रमाचं मूल्यमापन झालं, तेव्हा एका डॉलरमागे जवळजवळ चार डॉलरचा लाभ झाल्याचं दिसलं आणि त्यातला मोठा वाटा विजेच्या बचतीचा नव्हता, आरोग्याचा होता. अनुदान घरमालकांनाही खुलं होतं. पण पैसे समोर ठेवूनही भाड्याची घरं मागेच राहिली. अर्धा खर्च सरकारने उचलला तरी उरलेला अर्धा मालकाला का करावासा वाटावा? त्याचा हिशेब होता तिथेच होता.

ऑगस्ट २०१४ मध्ये ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या एका सरकारी घरात दोन वर्षांची मुलगी न्यूमोनियासारख्या आजाराने गेली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०१५ साली निष्कर्षात लिहिलं, की त्या थंड, ओलसर घराचा या आजाराला हातभार लागला असणं पूर्णपणे शक्य आहे. घराचा मालक सरकार होतं. त्या निष्कर्षानंतर देशात जी चर्चा झाली, तिच्यातून कोणत्याही पक्षाला अंग काढून घेता आलं नाही. २०१६ साली उजव्या बाजूच्या नॅशनल पक्षाच्या सरकारने भाडेकरार कायद्यात दुरुस्ती केली. १ जुलै २०१९ पर्यंत भाड्याच्या प्रत्येक घराच्या छतावर आणि जमिनीखाली थर घालणं बंधनकारक झालं. पुढच्याच वर्षी सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने आपल्या पक्षातल्या अँड्र्यू लिटल यांचं विधेयक हाती घेऊन २०१७ मध्ये निरोगी घरांच्या हमीचा कायदा केला आणि त्यातून २०१९ साली पाच बाबतींतले मापदंड आले.

ते मापदंड वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं, की यात विशेषणं जवळजवळ नाहीत. बैठकीच्या खोलीत बसवलेला हीटर असा हवा, की बाहेर कितीही थंडी पडो, आत १८ अंश गाठता आले पाहिजेत. १८ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड ऋतूसाठी सुचवला आहे. छतावर जुना थर असेल तर तो किमान १२० मिलिमीटर जाडीचा हवा. नवा घालायचा तर त्याची रोधक्षमता (आर-मूल्य) उत्तरेच्या उबदार भागात २.९ आणि दक्षिणेच्या थंड भागात ३.३ हवी, जमिनीखाली सगळीकडे १.३. प्रत्येक राहत्या खोलीतल्या उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान ५ टक्के हवं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा थेट बाहेर टाकणारा पंखा हवा. जमिनीखाली बंदिस्त मोकळी जागा असेल तर मातीवर ओल अडवणारा पडदा हवा. वाऱ्याच्या फटी बुजवलेल्या हव्यात.

मातीवरच्या पडद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मोठा खर्च न करता सर्वांत जास्त फरक मी तिथे पाहिला. शंभर चौरस मीटरच्या घराखालची उघडी माती दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने वर सोडते. घरातली माणसं स्वयंपाक, अंघोळ, कपडे आणि श्वास मिळून आठेक लिटर सोडतात. म्हणजे ज्या ओलीबद्दल भाडेकरूला बोल लावला जातो, तिच्या कितीतरी पट ओल पायाखालून येत असते. तपासणीला जायचं म्हणजे अंगात जाड डगला, गुडघ्यांना गाद्या, कपाळावर दिवा. बाजूच्या झडपेतून पोटावर सरपटत आत शिरायचं. कोळ्यांची जाळी तोंडावर येतात. माती हाताला गार आणि चिकट लागते. तुळयांवर दिवा मारला तर लाकडावर पांढुरकी बुरशी चकाकते. मग तिथे काम करणारे येतात, काळ्या प्लास्टिकचा जाड कागद मातीवर अंथरतात, दोन कागदांची टोकं एकमेकांवर हातभर चढवून चिकटपट्टीने बसवतात, खांबांभोवती कापून नीट घडी घालतात आणि कडांना विटा ठेवतात. वरच्या तुळयांमध्ये पॉलिस्टरचे पट्टे ताणून बसवतात. सगळं एका दिवसाचं काम. पुन्हा गेलं की तीच माती कागदाखाली ओली असते आणि वरची हवा कोरडी.

थर म्हणजे शेवटी हवाच असते, तंतूंमध्ये अडकवून स्थिर केलेली. गोधडीसारखंच ते: ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. म्हणून थर दाबला गेला किंवा पाण्याने भिजून बसला, तर तो असून नसल्यासारखा. कोपऱ्यात वीतभर जागा उघडी राहिली, तर तिच्यातून ऊब निघून जातेच आणि त्याच ठिकाणी छतावर बुरशीचा चौकोन उमटतो. पूर्वी जमिनीखाली चंदेरी पत्रीचा थर पिनांनी ठोकायची पद्धत होती. ठोकताना पिन विजेच्या तारेत घुसून माणसं दगावली, म्हणून जुलै २०१६ पासून तो बसवण्यावर आणि दुरुस्त करण्यावरही बंदी आली. मापदंड लिहिणाऱ्यांनी कामगाराच्या जिवाचाही विचार केला, हे मला सांगावंसं वाटतं.

कायद्याने भिंती आणि काचा मात्र सोडल्या. भिंतीत थर घालायचा तर आतलं अस्तर काढावं लागतं, काचा दुहेरी करायच्या तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. छत आणि जमीन मात्र घर न फोडता करता येतात. शिवाय जिथे शिरायला जागाच नाही, किंवा वर्षभरात घर पाडायचंच आहे, तिथे सूट आहे. ही तडजोड मला मान्य आहे. अर्धवट वाटलं तरी दिवसभरात होऊ शकणारं काम सक्तीचं करणं, हे दहा वर्षांत न होणाऱ्या पूर्ण कामाच्या इच्छेपेक्षा चांगलं. मान्य नाही ते दुसरंच. २०१६ च्या नियमांत छतावरचा ७० मिलिमीटरचा जुना थर चालत होता, तीन वर्षांनी तो १२० झाला. ज्याने कमीत कमी करून भागवलं, त्याला पुन्हा माळ्यावर चढावं लागलं. मुदतही वर्षभराने पुढे ढकलली गेली. सरकारने पहिल्यांदाच योग्य माप धरलं असतं, तर मालकांचा पैसाही वाचला असता आणि रागही.

आता सर्वांत दुखरी बाजू. माप ठरलं, पण मापायला जाणार कोण? २०१४ साली पाच शहरांत १४४ भाड्याच्या घरांवर एक चाचणी झाली होती. गाडीला जसं ठरावीक काळाने योग्यतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तसं घराला द्यायचं, अशी कल्पना. ९४ टक्के घरं निदान एका कसोटीवर नापास झाली. बऱ्याच घरांची दुरुस्ती किरकोळ होती. तरीही भाड्याने देण्याआधी प्रमाणपत्र सक्तीचं करण्याची पायरी देशाने चढली नाही. मालकाने करारपत्रासोबत मापदंड पाळल्याचं निवेदन द्यायचं आणि ते खोटं असेल तर भाडेकरूने भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जायचं, अशी व्यवस्था झाली. शासनाचं तपास पथक आहे, पण देशभरातल्या भाड्याच्या घरांपुढे ते फार लहान आहे. न्यायाधिकरण मालकाला ७२०० डॉलरपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतं, ही रक्कम लहान नाही. पण ती मिळवायला भाडेकरूने आपल्याच घरमालकाविरुद्ध अर्ज करायचा. २०२१ साली मालकाने कारण न देता घर रिकामं करायला सांगण्याची तरतूद काढून टाकली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती परत आली: नव्वद दिवसांची नोटीस, कारण सांगायची गरज नाही. अर्ज केल्याचा सूड म्हणून नोटीस दिली तर ती बेकायदा, हे खरं. पण ते सिद्ध करायचं कोणी? ज्याच्या दोन मुलांची शाळा त्या वस्तीत आहे, त्याने? हक्क देऊन तो मागणाऱ्याला असुरक्षित ठेवणं, हा त्या कायद्यातला मोठा दोष आहे आणि तो दूर होईपर्यंत अठरा अंश बऱ्याच घरांत कागदावरच राहतील.

ऑकलंडमध्ये आणि वेलिंग्टनमध्ये आपली मराठी कुटुंबं भाड्याने राहतात. नवी आलेली तर बहुतेक सगळीच. त्यांच्याकडून मी एक वाक्य वेगवेगळ्या तोंडी ऐकलं: मालकाचा माणूस येऊन म्हणाला, तुम्ही लोक फार शिजवता. फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, घरात दोरीवर वाळणारे कपडे, म्हणून बुरशी. आणि आपली माणसं ते मुकाट्याने ऐकून घेतात, परका देश म्हणून, पुढच्या घरासाठी या मालकाचा शेरा लागतो म्हणूनही. एका घरात तर फोडणीच्या धुराला बाहेर जायला वाटच नव्हती. ओट्यावरचा पंखा हवा ओढून त्याच खोलीत परत सोडत होता. मापदंड आल्यावर त्या बाईंनी मालकाला दोन ओळी लिहिल्या: पंख्याचं नळकांडं बाहेर काढलेलं नाही, ते नियमानुसार हवं. राहणीचा वाद संपला. नळकांडं आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला आणि तो महिन्याभरात सुटला.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट फार क्रूरपणे घडली. रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं बाळ बुरशीने भरलेल्या घरात राहून गेलं. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगितलं गेलं, कुटुंबाच्या राहणीवर ठपका ठेवला गेला. २०२२ साली कॉरोनरने मृत्यूचं कारण बुरशी असल्याचं स्पष्ट नोंदवलं. त्यातून झालेला कायदा त्या मुलाच्या नावानेच ओळखला जातो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना तक्रारीची दखल ठरावीक दिवसांत घ्यावीच लागते. तिथे ऊर्जेच्या बाबतीत वेगळा नियम आधीच होता: घराला ए ते जी अशी श्रेणी मिळते आणि २०२० पासून ई च्या खालचं घर, सूट नसेल तर, भाड्याने देता येत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीतली घरं नव्याने भाड्याने द्यायला बंद केली. २०२८ ला एफ आणि २०३४ ला ई श्रेणीची पाळी आहे. जर्मनीची युक्ती मला सर्वांत हुशार वाटते. इंधनावरचा कार्बन कर तिथे २०२३ पासून मालक आणि भाडेकरूत दहा पायऱ्यांनी वाटला जातो. घर जितकं गळकं, तितका मालकाचा वाटा मोठा. सर्वांत वाईट घरात तो ९५ टक्के. मघाशी म्हटलं तो वाकडा हिशेब त्यांनी असा सरळ केला.

मालकांची बाजू मी टाळणार नाही. खर्च वाढला की भाडं वाढणार, असं ते म्हणतात, आणि काही अंशी ते वाढतंच. पण थर तीस-चाळीस वर्षं टिकतो आणि आजारपणाचा खर्च भाडेकरू दरवर्षी भरत असतो, त्याची पावती मात्र कोणी देत नाही. दुसरा धडा आपल्या मुंबईचा आहे आणि वकीलसाहेब तो नेहमी सांगत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, मालकाने डागडुजी सोडली, चाळी खचल्या. मग १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीचं मंडळ नेमावं लागलं. कर्तव्य लादायचं आणि ते पार पाडायला पैसा उरू द्यायचा नाही, असं केलं की घरच कोसळतं. न्यूझीलंडने भाडं कायमचं गोठवलं नाही. ते बारा महिन्यांतून एकदाच वाढवता येईल एवढंच ठरवलं आणि सुरुवातीची वर्षं अनुदान दिलं. त्यामुळेच तिथे मालकाला माप लावता आलं.

आपल्याकडे ओल आणि थंडी नाही, असं कोणी म्हणेल. आपल्याकडे मे महिना आहे. नागपुरात, अकोल्यात, चंद्रपुरात पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारं कुटुंब आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे विद्यार्थी दुपारी कुठे जातात, हे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. खर्च मालकाचा, लाभ भाडेकरूचा, हा हिशेब इथेही तसाच वाकडा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने जागा चांगल्या, भाड्याने राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवावी, असं कलम १४ म्हणतं. न्यूझीलंडच्या १९४७ च्या नियमांसारखंच हे चांगलं आणि मोघम आहे. छप्पर गळलं तर दुरुस्ती मागता येते, छप्पर तापलं तर काय मागायचं? केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताला आकडा आहे: दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त भरतो. पण ती संहिता मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी आहे. जुन्या, भाड्याच्या खोलीपर्यंत ती येत नाही. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग दिला; तेलंगणाने २०२३ मध्ये शीतछताचं धोरण आणलं. या चांगल्या सुरुवाती आहेत. पण मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या करारात यांतलं काहीही उमटत नाही.

आणि मला वाटतं तिथूनच आरंभ करता येईल. आपल्या राज्यात भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे कागद आधीच तयार आहे. न्यूझीलंडनेही सक्ती करण्याआधी, १ जुलै २०१६ पासून, फक्त एवढंच मागितलं होतं: करारपत्रात लिहा, की छतावर आणि जमिनीखाली थर आहे का, कुठे आहे, कोणत्या जातीचा आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे. तीन वर्षं नुसती माहिती, मग बंधन. आपल्या करारात तसा एक रकाना असावा: खोली वरच्या मजल्यावर आहे का, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, त्यावर पांढरा लेप, चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, फॉल्स सीलिंग किंवा दुसरा काही उष्णतारोधक थर आहे का, आणि खोलीला समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आहेत का. यासाठी नवा विभाग लागत नाही, निधी लागत नाही. नोंदणीच्या नमुन्यात चार ओळी वाढवाव्या लागतात. इथे बसलेल्या वकील मंडळींनी त्या ओळींचा मसुदा करावा आणि नोंदणी महानिरीक्षकांकडे पाठवावा. बांधकामाच्या बाजूने जे तपशील लागतील ते लिहून द्यायला मी तयार आहे.